कचरूभाऊंचं लांबडं

कचरूभाऊ म्हस्के गिटार जुळवायला पेटी वापरत नसत. मांडवात आले की ते आधी ट्यूबलाइट शोधत, खुर्चीवर चढत आणि तिच्या घुमणाऱ्या चोकला कान लावून उभे राहत. खाली उतरले की त्या घुमण्याशी गिटारची जाड तार जुळवून घेत. १९८१ च्या उन्हाळ्यात जुन्या जालन्यातल्या एका लग्नात मी त्यांना प्रथम पाहिले ते असे. नवरीच्या मामांना वाटले, वायरमन आहे.

“काय बिघडलं का हो?” त्यांनी खालून विचारले.

“न्हाई,” कचरूभाऊ वरूनच म्हणाले. “लाईनीला सूर इचारून राह्यलो.”

त्यांचे म्हणणे साधे होते. विजेवर चालणारी गिटार अ‍ॅम्प्लिफायरला जोडली की अ‍ॅम्प्लिफायर घुमतो. तो आवाज बंद करता येत नाही, मग त्याच्याशी भांडण्यापेक्षा जुळवून घेतलेले बरे. रब्बीच्या दिवसांत विहिरींवरचे पंप एकदम सुरू झाले की हा सूर किंचित खाली येतो, हेही त्यांच्या कानाने टिपले होते. दुकानात बसल्या बसल्या तार छेडून ते सांगत, “गव्हाला पाणी सुटलं आज.” बँडमास्तरला याचा वैताग येई. “तुझी गिटार लाईटीशी जुळली, माझ्या क्लॅरिनेटशी कधी जुळणार?” असे तो भर वरातीत ओरडे. वरातीत कचरूभाऊ क्लॅरिनेटशी जुळवून घेत. स्वतःच्या वाजवण्यात मात्र कधीच नाही.

जालन्यात मस्तगड भागात आमच्या दैनिकाचे जिल्हा कार्यालय पहिल्या मजल्यावर होते आणि त्याच्या बरोबर खाली कचरूभाऊंचे रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचे दुकान. लग्नसराईत ते बँडमध्ये वाजवत, उरलेले वर्ष दुकानात बसत. त्यामुळे वीस-बावीस वर्षे त्यांचे संगीत आणि त्यांचे बोलणे दोन्ही मला फरशीखालून ऐकू येत राहिले. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षे झाली. जालना जिल्ह्यात सायकेडेलिक रॉक वाजवणारे ते एकटेच होते. दुसरा कोणी असल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

मूळचे ते भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्याचे. आधीची दोन मुले दगावली, म्हणून आई गयाबाईंनी तिसऱ्याचे नाव कचरू ठेवले. छप्पन्नच्या धर्मांतरानंतर वडिलांनी मुलाला शिकवायचेच असे ठरवले आणि पुढे औरंगाबादला वसतिगृहात घातले. कॉलेजचा खर्च भागवायला कचरूभाऊ स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये काम करत. अजिंठा-वेरूळ पाहायला निघालेले लांब केसांचे गोरे प्रवासी तिथे उतरत. त्यांतल्या एकाने जाताना मानेजवळ तडा गेलेली गिटार मागे ठेवली. कचरूभाऊंनी ती सरसाने चिकटवली, पट्टे आवळून आठवडाभर खाटेखाली ठेवली आणि मग वाजवायला घेतली. बी.ए.चे शेवटचे वर्ष तसेच राहिले.

मुंबईत ते अकरा वर्षे होते. वांद्र्याचे दोन ख्रिस्ती भाऊ, एक पारशी ड्रमवाला आणि केदारखेड्याचे कचरू म्हस्के असा चौघांचा बँड होता. नाव बदल, असे तिथे अनेकांनी सुचवले. त्यांनी ते बदलले नाही, तेव्हा साथीदारांनी कचरूचे ‘कॅच’ करून घेतले. चार गाण्यांची एक तबकडी निघाली. तिच्या मागच्या बाजूला ‘कॅच म्हस्के, लीड गिटार’ असे छापलेले आहे. ही तबकडी दुकानात लावलेली नव्हती. घरी कपाटात साड्यांच्या खाली असे. पुढे हॉटेलांना नाचाचे संगीत हवे झाले. दोघे भाऊ कॅनडाला गेले, ड्रमवाल्याने वडिलांची बेकरी हाती घेतली. त्याच वर्षी कचरूभाऊंचे वडील वारले आणि गयाबाईंनी मुंबईला यायला साफ नकार दिला. कचरूभाऊ गिटार, अ‍ॅम्प्लिफायर आणि पत्नी शांताबाई यांना घेऊन परत आले. शांताबाईंना जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी मिळाली, म्हणून केदारखेड्याऐवजी जालन्यात बिऱ्हाड केले.

ते कोणते संगीत वाजवतात हे कळले की लोक पहिला प्रश्न गांजाचा विचारत. एकदा पोलीस ठाण्यातले एक जमादार दुकानात येऊन तेच विचारते झाले.

“साहेब, आमच्या वळखीतले दोघं त्याच्यातच गेले,” कचरूभाऊ म्हणाले. “मी वाजवायला गेल्तो. झोपायला न्हाई.”

“मंग ह्ये वाजवणं म्हणजे नेमकं काय?”

“लहानपणी फणफणून ताप आल्ता का तुम्हाला? तवा घरात भांडं पडलं का त्याचा आवाज लांब जायचा, परत जवळ यायचा. भिंत मोठी व्हायची, लहान व्हायची. बस, तेच. फक्त ताप न्हाई.”

जमादारांनी चहा घेतला आणि दुसऱ्या दिवशी घरचा बिघडलेला रेडिओ आणून दिला.

कचरूभाऊंचे स्वतःचे म्हणून एक गाणे होते. त्याला शब्द नव्हते. ते बावीस मिनिटांचे होते. बँडमधल्या वादकांनी त्याला ‘लांबडं’ असे नाव ठेवले आणि तेच रूढ झाले. एका कार्यालयाने मोडीत काढलेल्या टेपरेकॉर्डरची फीत गोल जोडून त्यांनी एक यंत्र तयार केले होते. वाजवलेली ओळ ते यंत्र काही क्षणांनी पुन्हा म्हणे, मग तिच्यावर कचरूभाऊ दुसरी ओळ ठेवत, दुसरीवर तिसरी. असे करत करत चौदाव्या मिनिटाला ते गिटार घेऊन स्पीकरच्या तोंडासमोर उभे राहत. मग स्पीकरमधून शिट्टी उठे. सभेत माइक बिघडल्यावर उठते तीच, पण कचरूभाऊ नुसते अंग वळवून तिला वर चढवत, खाली आणत, थरथरवत. गाणे तिथपर्यंत चढायचे आणि तिथून उतरायचे. “ती शिट्टी म्हणजे गाण्याचं तोंड हाय,” ते म्हणत. “बाकी सगळं अंग.”

शांताबाईंचे मत वेगळे होते. “ह्यांचं लांबडं सुरू झालं का मी भात टाकते. संपेस्तोवर शिजतो आन् मुरतो बी.”

हे गाणे आपल्या माणसांनी बसून, शेवटपर्यंत ऐकावे, एवढे एकच कचरूभाऊंना हवे होते. मुंबईत त्यांना असे ऐकणारे मिळाले होते. जालन्यात मिळत नव्हते. गयाबाईंनाही त्यांनी ते कधी पुरे ऐकवले नव्हते, कारण केदारखेड्याला गिटार जोडली की थोड्या वेळात वीज जाई. “अर्धं गाणं मला पाठ झालं, बाबा,” गयाबाई म्हणत. “उरलेलं कवा दावतो?”

प्रयत्न त्यांनी खूप केले. गणपतीच्या मांडवात सुरुवात केली की पाच मिनिटांत फर्माइशीच्या चिठ्ठ्या येऊ लागत. जयंतीच्या कार्यक्रमात गायकांच्या मधल्या वेळेत त्यांनी ते लावले, तर गायनपार्टीचे प्रमुख तबल्यावर हात आपटून म्हणाले, “भाऊ, तुमची गिटार जुळली असंल तर आता सुरू करा.” कचरूभाऊंचे तेव्हा नववे मिनिट चालू होते. दुकानातल्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते पेन्सिलीने नोंद करत: गणपती, सात. जयंती, नऊ. हळद, चार. हळदीच्या घरी तर नवरदेवाच्या काकांनी स्वतः उठून वायर काढली होती आणि वर विचारले होते, “लग्न हाय का काय हाय?”

या सगळ्यात त्यांना सर्वांत जास्त अडवले ते त्यांच्या मित्राने. रफीकभाई माइकवाले हे मांडव आणि लाउडस्पीकर भाड्याने देत, आणि कार्यक्रमात कचरूभाऊंची गिटारही त्यांच्याच मशीनमधून वाजे. त्यांच्या वडिलांचाही तोच धंदा. या धंद्यात शिट्टी ही नामुष्की आहे. सभा कोणाचीही असो, शिट्टी वाजली की हजार माणसे मान वळवून माइकवाल्याकडे पाहतात. म्हणून रफीकभाईंचा उजवा हात कायम मशीनच्या बटणावर असे. शिट्टीचा अंकुर फुटताच, ऐकणाऱ्याला कळायच्या आत, तो हात आवाज खाली आणे. जिल्ह्यात त्यांचा लौकिकच तसा होता.

“कचरूभाई, सीटी बजी तो पब्लिक तुमकू नहीं, मेरेकू देखती,” ते म्हणत. “मेरे अब्बा बोलते थे, सीटी बजी मतलब माइकवाला सो गया.”

“अरे, पण ती मी वाजवून राह्यलो. मुद्दाम.”

“पब्लिककू क्या मालूम, मुद्दाम है के बिगाड है?”

हा वाद दुकानाच्या पायरीवर कित्येक वर्षे चालला. शेवटी एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात कचरूभाऊंना अर्धा तास मिळाला. इंग्रजीच्या प्राध्यापकांनी मध्यस्थी केली होती. त्या दिवशी रफीकभाईंनी शपथ घेतली, शिट्टीला हात लावणार नाही. मी तिथे बातमीसाठी होतो. पहिली पाच मिनिटे विद्यार्थ्यांनी हुर्यो केली, पुढची पाच काही जण नाचायचा प्रयत्न करत होते, ठेका सापडेना म्हणून खाली बसले. बाराव्या मिनिटाला सभागृह शांत होते. चौदाव्या मिनिटाला कचरूभाऊ स्पीकरकडे वळले, शिट्टी उठली आणि त्याच क्षणी बंद झाली. रफीकभाईंचा हात गेला होता. गाणे संपले असे समजून विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. चांगल्या वाजवल्या.

रफीकभाई स्टेजवर धावत गेले. “हात ऐकत न्हाई, कचरूभाई. मैं नहीं किया. हात ने किया.”

कचरूभाऊ गिटारची वायर गुंडाळत म्हणाले, “रफीक, हजार जणांनी तोडलं तवा काही वाटलं न्हाई. तू चौदाव्या मिनिटाला तोडलं.”

दुसऱ्या दिवशी कॅलेंडरमागे नोंद झाली: गॅदरिंग, चौदा. त्यानंतर जवळपास वर्षभर दोघे बोलत नव्हते. एकाच मांडवात असले तर एक स्टेजच्या या टोकाला, दुसरा त्या. रफीकभाई बिघडलेले मशीन दुसऱ्याच्या हाती दुकानात पाठवत आणि कचरूभाऊ ते दुरुस्त करून त्याच माणसाच्या हाती परत पाठवत. त्यांनी ते काम टाळले नाही, हेही नोंदवायला हवे.

बोलणे पुन्हा सुरू झाले ते गयाबाईंच्या आजारपणात. केदारखेड्याहून त्यांना जालन्याला दवाखान्यात आणायला रफीकभाई आपली जीप घेऊन गेले. रस्त्यात कोण काय बोलले मला माहीत नाही. गयाबाई बारा दिवसांनी गेल्या. उरलेले गाणे राहून गेले.

बौद्ध कुटुंबांत माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. पांढऱ्या कपड्यांत लोक जमतात, वंदना होते, गेलेल्या माणसाविषयी चार जण बोलतात, मग जेवण. केदारखेड्याच्या या कार्यक्रमाची आखणी गावातले निवृत्त मुख्याध्यापक पगारे गुरुजी करत होते. त्यांनीच कचरूभाऊंना लहानपणी पाढे शिकवले होते. कचरूभाऊंनी त्यांच्यापाशी आपली इच्छा सांगितली तेव्हा मी बाजूला बसलो होतो.

“कचरू, भाषणं होतील, भीमगीतं होतील. ह्ये इलायती कशाला?” गुरुजी म्हणाले. “लोक काय म्हणतील? आई गेली आन् पोरगं वाजवून राह्यलं.”

“गुरुजी, आईला मी अर्धंच आयकवलं.”

“मंग आता पुरं आयकायला ती हाय का?”

“ती न्हाई. तुम्ही तर हायेत.”

गुरुजींनी विचारले, “किती येळ लागतो?”

“बावीस मिनिटं.”

“बावीस! आमदाराला बी आम्ही दहाच देतो.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “बरं. वंदना झाल्यावर, जेवणाच्या आधी ठिव. जेवण झाल्यावर कोणी थांबत न्हाई.”

हा निर्णय गुरुजींनी सोयीसाठी घेतला होता. जिल्ह्यातली एवढी माणसे, ज्यांनी लांबडं कधी शेवटपर्यंत ऐकले नव्हते, ती त्या दिवशी बसून राहिली, त्याचे एक कारण हेच होते. दुःखाच्या घरून जेवल्याशिवाय कोणी उठत नाही. फर्माइशीची चिठ्ठी कोणी पाठवत नाही. नाचायचा प्रश्न नसतो. कचरूभाऊंनी बारा-तेरा वर्षे ज्या श्रोत्यांचा शोध केला, ते असे मांडी घालून, हात जुळवून, समोर बसलेले सापडले.

वेळ सकाळी अकराची होती. वीज नव्हतीच. रफीकभाईंनी जनरेटर आणून गोठ्याच्या मागे लावला होता. त्यांनी सगळी जोडणी केली, आवाज तपासला आणि मग एक गोष्ट केली जी मी त्यांना त्याआधी कधी करताना पाहिले नव्हते. चालू मशीन तसेच सोडून ते टेबलावरून उठले, मांडवात आले आणि पुरुषांच्या रांगेत, मशीनपासून चाळीस पावलांवर, चपला काढून खाली बसले.

गाणे सुरू झाले. पहिल्या काही मिनिटांत एक मूल रडले, त्याला आईने बाहेर नेले. ओळीवर ओळ चढू लागली तसे मागचे लोक पुढे पाहू लागले, की एवढे आवाज एका माणसातून कसे येतात. चौदाव्या मिनिटाला शिट्टी उठली. गावातली कुत्री भुंकली. रफीकभाईंनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते आणि मान खाली घातली होती. शिट्टी वर गेली, पातळ झाली, मांडवाच्या कापडाला लागून थांबल्यासारखी झाली आणि हळूहळू उतरत गिटारच्या जाड तारेत मिसळली. त्यानंतरची आठ मिनिटे मी प्रथमच ऐकली; दुकानात ते लांबडं कधी पुरे वाजवत नसत. ती अगदी शांत आहेत. इतक्या वर्षांत शांताबाई सोडल्या तर जिल्ह्यात ती कोणाला माहीतच नव्हती.

संपल्यावर टाळ्या नव्हत्या, तिथे त्या वाजवत नाहीत. जेवणाची सूचना द्यायला पगारे गुरुजी उठले, माइक हातात घेतला, पुन्हा खाली ठेवला. मग म्हणाले, “बसा थोडं. घाई न्हाई.” गयाबाईंच्या शेजारच्या म्हाताऱ्या कौसाबाई पुढच्या रांगेत होत्या. त्या शेजारणीला सांगत होत्या, “तापात असंच व्हतं बघ. मला टायफाइड झाल्ता तवा असंच.”

कचरूभाऊ गिटार पिशवीत भरत होते. त्यांनी ते ऐकले. “ऐकलं का?” ते मला म्हणाले. “मी सांगितलं न्हाई त्यांना. बिलकुल न्हाई.”

त्यानंतर त्यांची खरी कारकीर्द सुरू झाली, असे म्हणायला हरकत नाही. शेजारच्या गावाहून एक जण आला, त्याच्या वडिलांच्या पुण्यानुमोदनाला लांबडं हवे होते. मग दुसरा आला. नंतर मराठा घरांतूनही बोलावणी येऊ लागली. वर्षश्राद्धाला सकाळी कीर्तन आणि कीर्तनानंतर कचरूभाऊ. बँडमधली गिटार त्यांनी सोडली. बोलावणाऱ्याला अट एकच: पुरे वाजवीन, नाहीतर येणार नाही. दुकानात माणूस आला की ते पेन्सिल घेत आणि विचारत, “कोण गेलं?” नाव लिहून घेत. मग दुसरा प्रश्न, “घरात त्यांचा आवाज कशाचा असायचा?”

लोकांना आधी हा प्रश्न कळत नसे. मग कोणी सांगे, सायकलची घंटी. कोणी सांगे, अडकित्ता. कचरूभाऊ त्या घरी जाऊन तो आवाज फितीवर घेत आणि गाण्याच्या सुरुवातीला यंत्रात सोडत. त्यामुळे लांबडं दर वेळी थोडे वेगळे होई. जालन्यातल्या एक शिवणकाम करणाऱ्या बाई गेल्या तेव्हा त्यांच्या यजमानांनी माइकसमोर बसून पायमशीन चालवली. आयुष्यात त्यांनी ती कधी चालवली नव्हती. मुलगी मागून म्हणाली, “बाबा, उलटी फिरून राह्यली!” आणि त्या घरात आठ दिवसांनी प्रथम माणसे हसली. कचरूभाऊंनी ते हसणे फितीतून काढले नाही. कार्यक्रमात मशीनचा आवाज फिरत होता आणि त्याच्यामागून ते हसणे पुन्हा पुन्हा येत होते.

रफीकभाई बरोबर असतच. शिट्टीच्या वेळी ते मशीनपासून उठून दूर जाऊन बसत. “हात पर भरोसा नहीं,” ते मला म्हणाले.

एवढे सगळे होऊनही कचरूभाऊ पुरते समाधानी नव्हते. एकदा दुपारी गिऱ्हाईक नसताना ते वर कार्यालयात आले. “आता लोक ऐकून राह्यले, बराबर,” ते म्हणाले. “शेवटपर्यंत ऐकून राह्यले. पण माणूस गेल्याबिगर बसत न्हाई. मी वाजवताना कळत न्हाई मला, की ह्ये माझ्यासाठी गप हायेत का मेलेल्यासाठी. का जेवणासाठी.” मी म्हटले, तिन्हीसाठी असतील. त्यांना ते पटले, आवडले नाही.

२००२ च्या हिवाळ्यात मंठ्याहून एक शेतकरी दुकानात आले. बोराडे आडनाव. मोटरसायकलवरून आलेले, डोक्याला रुमाल, भुवयांवर धूळ. मी खाली चहाला गेलो होतो.

“तारीख पाह्यजे,” बोराडे म्हणाले.

कचरूभाऊंनी पेन्सिल घेतली. “कोण गेलं?”

“कोणी न्हाई.”

“मंग?”

“मागच्या साली आमच्या चुलत्याच्या वर्षश्राद्धाला तुम्ही आल्ते. तवापासून आम्ही आठ-दहा जण बोलून राह्यलो, की पुन्हा ऐकायचं तर करायचं काय? घरात सगळे ठणठणीत हायेत. कोणी मरायची वाट बघत बसायचं का?”

कचरूभाऊंनी पेन्सिल खाली ठेवली. “जेवण ठिवलं का?”

“न्हाई बा. कशाचं जेवण?”

“भाषणं?”

“काहीच न्हाई. तुम्ही वाजवायचं, आम्ही बसायचं. खर्चा आम्ही करू, जीपचा बी.” बोराडे थोडे घाबरले. “चालत न्हाई का तसं?”

“चालतं,” कचरूभाऊ म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, “चालतं की.”

कार्यक्रम मंठ्याच्या मोंढ्यातल्या, धान्यबाजारातल्या, एका रिकाम्या गोदामात झाला, दुपारी दोनला. श्रोते चौदा. त्यांत दोन महिला होत्या, एक प्राथमिक शिक्षक, बाकी शेतकरी आणि एक हमाल, ज्याचे काम तिथेच बाजूला चालू होते आणि जो पोते उतरवून आत येऊन बसला. खाली बारदान अंथरले होते. यंत्रात कोणाचा आवाज सोडायचा हा प्रश्न त्या दिवशी नव्हता. कचरूभाऊंनी गोदामाच्या पत्र्यावर फिरणाऱ्या कबुतरांचा घेतला. शांताबाईही आल्या होत्या. रजा टाकून आल्या होत्या.

लांबडं बावीस मिनिटे चालले. शिट्टी पत्र्याला लागून परत आली तेव्हा दोघांनी वर पाहिले. बाकी कोणी हलले नाही. संपल्यावर रफीकभाई सवयीने वायर गुंडाळायला उठले.

श्रोते बसूनच होते. जेवण नव्हते, वंदना नव्हती, कोणाची आठवण काढायची नव्हती. गोदामाचे दार उघडे होते आणि जायला सगळे मोकळे होते. बोराड्यांनी मागे वळून बाकीच्यांकडे पाहिले. हमालाने मानेने काहीतरी खुणावले. मग बोराडे म्हणाले, “भाऊ, दुसरं हाय का?”

एकवीस वर्षांत हा प्रश्न त्यांना जिल्ह्यात कोणी विचारला नव्हता. मीही नाही. रफीकभाई वायर हातात धरून तसेच थांबले. शांताबाई नवऱ्याकडे पाहू लागल्या; त्यांनाही उत्तर माहीत नसावे.

“हाय ना,” कचरूभाऊ म्हणाले. त्यांनी जाड तार थोडी सैल केली, छेडली, पुन्हा सैल केली. “मांड्या मोकळ्या करून घ्या. ते जरा मोठं हाय.”